वेढा, पोकळी, श्वास : वाचकांचे प्रश्न

अमूर्त शिल्पावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत बहुतेकांना कुंडलिनी, चक्रं, प्राण असंच काहीतरी घडवायचं आहे आणि बहुतेकांचं काम एखाद्या साध्या गोष्टीपाशी अडलं आहे. पाइप, दगड, रेझिन, नाहीतर चौथरा. त्यातली काही पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : शाळेच्या योग दालनाबाहेर कुंडलिनीचं शिल्प करायचं आहे. नाग नको, हे सगळ्यांनाच मान्य आहे. लोखंडी पाइपचा वेढा करून पाहिला, तर मुलं त्याला 'ट्रॅक्टरची स्प्रिंग' म्हणतात. चूक कुठे होते? (कलाशिक्षक, कऱ्हाड)

मुलं बरोबर म्हणतात. व्यास खालपासून वरपर्यंत सारखा, दोन वेढ्यांतलं अंतरही सारखं, म्हणजे ती स्प्रिंगच झाली. डोळ्याला पहिला वेढा दिसला की पुढचे तीन न बघताच कळतात.

आधी एक ठरवा. तुमची कुंडलिनी निजलेली आहे की उठलेली? ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती 'औट वळणी' म्हणजे साडेतीन वेढ्यांची आहे, आणि अधोमुख, खाली तोंड करून निजलेली आहे. निजलेली करायची तर वेढे एकमेकांवर दाबून बसलेले हवेत, शिल्प गुडघ्याएवढंच हवं आणि सगळं वजन जमिनीशी. हे आम्हाला जास्त आवडेल, पण शाळेला उंच काहीतरी हवं असतं हेही ठाऊक आहे. उठणारी करायची असेल तर वर जाताना वेढा लहान होऊ द्या आणि दोन वेढ्यांतलं अंतर वाढू द्या.

१४० सेंमी उंचीसाठी एक हिशोब देतो. खालची त्रिज्या ३० सेंमी, वरची १८. पहिल्या वेढ्यात पाइप २० सेंमी चढतो, दुसऱ्यात ३५, तिसऱ्यात ५० आणि शेवटच्या अर्ध्यात ३५. पाइपची लांबी भरते साडेपाच मीटर. बाजारात पाइप ६ मीटरचा मिळतो, म्हणजे मध्ये जोड येत नाही. दोन्ही टोकांना पाव-पाव मीटर उरतो, तो तसाही रोलरच्या पकडीत सरळच राहतो आणि शेवटी कापावा लागतो. पाइप एक इंची, मध्यम जाडीचा घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. दीड इंची पाइप डोळ्याला भारदस्त दिसतो, पण १८ सेंमी त्रिज्येला थंड वळवताना चपटा होतो.

फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी फरशीवर खडूने वरून दिसणारा आराखडा पूर्ण मापात काढा आणि दर अर्ध्या वेढ्याचं प्लायवूडचं फर्मं, म्हणजे वळणाचा नमुना, कापून न्या. तीन रोलच्या मशीनवर पाइप एका दमात वळवू देऊ नका. तीन-चार फेऱ्यांत वळवा आणि दर फेरीला फर्मं लावून बघा. कमी वळलेला पाइप आणखी वळवता येतो. जास्त वळलेला उलगडायला गेलात की त्यावर लाटा उठतात आणि त्या रंगाखालीही दिसतात. पाइपची वेल्डिंगची शिवण बाजूला ठेवा. आत किंवा बाहेर आली तर तिथे ताण किंवा दाब सगळ्यात जास्त असतो आणि ती उकलू शकते. कुणी वाळू भरून, भट्टीवर तापवून वळवायचं म्हणालं तर वाळू आधी कढईत भाजून कोरडी ठणठणीत करून घ्या. टोकं बंद केलेल्या पाइपात ओल राहिली तर वाफ होऊन टोकाची गुडदी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

बैठकीला १० मिमी जाड, ८० सेंमी व्यासाची गोल प्लेट घ्या. तिचंच वजन ४० किलोच्या आसपास भरतं, वरचा पाइप जेमतेम १३ किलोचा. फक्त खालचं टोक वेल्ड केलं तर मुलं हात लावताच सगळं डुलेल. पहिला वेढा आणखी दोन ठिकाणी १६ मिमीच्या गजाच्या तुकड्यांवर टेकवा म्हणजे खालचा भाग घट्ट बसतो आणि वरच्या दीड वेढ्यात हलकी थरथर उरते. ती मुद्दाम राहू द्या, मारून टाकू नका. अख्ख्या शिल्पात जिवंत दिसणारी तेवढीच एक गोष्ट असते.

वरचं टोक बंद करा आणि खाली ६ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर आत साचलेलं पाणी दोन पावसाळ्यांत पाइप आतून खाऊन टाकतं. 'गंजलेला रंग छान दिसतो, तसंच ठेवू' असं हल्ली कुणीतरी सांगतंच. गंजून थांबणारं कॉर्टेन पोलाद वेगळं असतं, साधं लोखंड थांबत नाही. आणि कॉर्टेनलाही ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं चक्र लागतं. कऱ्हाडला ते चालून जाईल. पाटण-कोयनेकडे, जिथे चार महिने ओल हटतच नाही, तिथे त्यालाही तो थर नीट धरत नाही. तुमचा पाइप साधा आहे, तेव्हा घासून, झिंकयुक्त प्रायमर आणि दोन हात रंग.

प्रश्न : योगवर्गासाठी सात चक्रांचा खांब करतोय. तांबडा, नारिंगी, पिवळा असे इंद्रधनुष्याचे सात रंग द्यायचे ठरलं होतं. एक ज्येष्ठ साधक म्हणाले, हे शास्त्रात नाही. खरं काय? (योगशिक्षिका, सातारा)

साधक बरोबर आहेत. इंद्रधनुष्याचे रंग चक्रांना चिकटले ते विसाव्या शतकात, आणि तेही पाश्चात्त्य देशांत. पूर्णानंदांच्या 'षट्चक्रनिरूपण' या १५७७ सालच्या ग्रंथात रंग वेगळेच आहेत. मणिपूराच्या, म्हणजे खालून तिसऱ्या चक्राच्या, पाकळ्या पाण्याने भरलेल्या मेघासारख्या काळसर निळ्या आहेत, पिवळ्या नाहीत. सगळ्यात खालच्या मूलाधाराच्या पाकळ्या तांबड्या, पण आतला पृथ्वीचा चौकोन पिवळा. खालून चौथं अनाहत हिरवं नाही, बंधूकाच्या फुलासारखं लाल आहे. आज्ञाचक्र पांढरं.

शिल्पकाराच्या कामाचं मात्र दुसरंच काही त्यात आहे. खालून पाच चक्रांच्या तत्त्वांना आकार दिलेले आहेत. पृथ्वीला चौकोन, जलाला चंद्रकोर, अग्नीला खाली टोक असलेला त्रिकोण, वायूला षट्कोण, आकाशाला वर्तुळ. अमूर्त शिल्पाची तयार बाराखडीच म्हणा. पाकळ्यांची संख्या खालून वर ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज ५०, म्हणजे वर्णमालेची पन्नास अक्षरं, एकेका पाकळीवर एकेक. सहस्रार, म्हणजे सगळ्यात वरचं सातवं चक्र, या मोजणीत धरत नाहीत.

रंग पुसून टाका आणि हे आकडे खाचांत उतरवा. खांबाचा घेर बरोबर ९६ सेंमी ठेवा, म्हणजे व्यास साधारण ३०.५ सेंमी. मग ४ खाचा २४ सेंमीवर येतात, ६ खाचा १६ वर, १२ खाचा ८ वर, १६ खाचा ६ वर आणि २ खाचा ४८ वर. फक्त १० खाचांना ९.६ सेंमी लागतात, तिथे पट्टी जपून लावा. कागदाची ९६ सेंमीची पट्टी कापून तिच्यावर खुणा करा आणि ती खांबाभोवती गुंडाळा. खांबावर थेट टेप धरून मोजत गेलात तर सोळाव्या खाचेला एक-दीड सेंमीची चूक हमखास साठते आणि शेवटची खाच पहिलीच्या अंगावर येते.

एक आगाऊ सल्ला, पटला तर घ्या. सातही चक्रं एकाच खांबावर चढवली की तक्ता होतो. एकच चक्र घ्या. षट्कोणी पोकळी आणि तिच्याभोवती बारा खाचा एवढंच अनाहत कमरेएवढ्या दगडात केलंत तर वर्गातली माणसं त्याच्याभोवती बसतील. तक्ता असेल तर वाचून पुढे जातील.

प्रश्न : काळ्या पाषाणात अंडाकृती घडवून आत गाभाऱ्यासारखी पोकळी काढत होतो. बाहेरचा आकार पूर्ण झाला, पॉलिशही झालं आणि पोकळी कोरताना एका बाजूने उभी चीर गेली. दगडच खराब होता का? (विटा)

दगडाचा दोष असेलही, पण क्रम नक्की चुकला. पोकळी आधी आणि बाहेरचा आकार नंतर. ठोकळा जाड असतो तोवर आतले घाव त्याला पेलतात. बाहेरून गुळगुळीत अंडं झाल्यावर आत छन्नी चालवणं म्हणजे भरलेल्या माठाला आतून ठोकणं.

तुमचं अंडं ६० सेंमी उंच आणि ४० सेंमी रुंद असल्याचं लिहिलं आहे. त्यासाठी ४५ × ४५ × ६५ सेंमीचा ठोकळा लागतो. आपल्याकडचा बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, घनफळाला पाण्याच्या २.९ पट जड धरला तर तो ३८० किलोचा होतो. भरीव अंडं उरतं १४५ किलोचं. म्हणजे निम्म्याहून जास्त दगड जातोच. तो जाण्याआधी त्याचा आधार वापरून घ्या.

पुढच्या वेळी असं करा. ठोकळ्याच्या ज्या बाजूला तोंड ठेवायचं तिथे खूण करून १२ ते १६ मिमीच्या ड्रिलने शेजारी-शेजारी भोकं पाडा. त्यांची खोली आधी ठरवा आणि ड्रिलच्या बिटवर चिकटपट्टी गुंडाळून ती खूण ठेवा. भोकांमधल्या भिंती बारीक छन्नीने फोडा, घाव पोकळीच्या मध्याकडे, बाहेरच्या भिंतीकडे कधीच नाही. आतला आकार हवा त्याच्या एक सेंमी अलीकडे थांबा आणि उरलेलं ग्राइंडरच्या लहान डायमंड चाकाने काढा. मग बाहेर वळा. भिंत कुठेही ६ सेंमीपेक्षा पातळ नको, तोंडाच्या कडेला तर ७ असू द्या. जाडी आतून-बाहेरून मोजायला वाकडा कंपास लागतो. अंदाजाने गेलात तर एक बाजू ९ आणि दुसरी ४ निघते.

आता दगडाची पारख. वडार कारागीर हातोडीने वाजवून बघतात, त्याला कारण आहे. शिल्पशास्त्रात घंटेसारखा खणखणणारा दगड पुंशिला, काशाच्या टाळासारखा वाजणारा स्त्रीशिला आणि ज्याला नादच नाही तो नपुंसक, मूर्तीला वर्ज्य. आजच्या भाषेत, बद्द वाजला की आत चीर किंवा पोकळी आहे समजा. दुसरी कसोटी पाण्याची. ठोकळा पूर्ण भिजवा आणि सावलीत वाळू द्या. सगळा पृष्ठभाग फिका झाला तरी एखादी रेघ काळी उरली, तर ती चीर आहे. ती रेघ तुमच्या आकाराबाहेर पडेल असा ठोकळा फिरवता येतो का बघा, नाहीतर परत करा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पांढरे ठिपके, स्फटिक भरलेली छिद्रं असतात. एखाद-दुसरा ठिपका चालतो, पण ते पुंजक्याने असतील तर छन्नी तिथे उडते.

आणि एक. कोरडा ग्राइंडर चालवून दगड तापला आणि कुणी धूळ बसवायला वरून बादलीभर पाणी ओतलं, तर चांगल्या दगडालाही तडा जातो. पाणी सुरुवातीपासून सोडा, धारेने. मास्क एन-९५ हवा, तोंडाला गुंडाळलेल्या रुमालाने बारीक धूळ थांबत नाही. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते, ग्रॅनाइट आणि वाळूच्या दगडात पुष्कळ. पण फुप्फुसाला दोन्हीचा भार नको.

पॉलिशबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. टाकीच्या घावांचा बेसाल्ट राखी दिसतो. तोच ६०, १२०, २२०, ४००, ८०० अशा चढत्या क्रमांकांच्या ओल्या पॉलिश-कागदाने घासत नेला की काळाभोर होतो. म्हणजे रंग न लावता एकाच दगडात दोन रंग. बाहेर टाकीचं अंग राहू द्या आणि फक्त पोकळी चकचकीत करा. लोक वाकून आत बघतात आणि आपल्याच चेहऱ्याची सावली त्यांना दिसते. तुमचं उलट झालं होतं, बाहेर चकाकी आणि आत खडबडीत. चीर गेलेल्या तुकड्याला आता एवढं करून बघायला हरकत नाही. चिरेत पातळ इपॉक्सी जिरवा, दोन दिवस पट्ट्याने आवळून ठेवा आणि ते अंडं कायम छपराखाली ठेवा.

प्रश्न : 'प्राण' हा विषय आहे. शरीर दाखवायचं नाही, तरी श्वास जाणवला पाहिजे. मातीत काम करते. (वाई)

हडप्पाचं लाल दगडाचं धड दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जेमतेम दहा सेंमीचं. डोकं नाही, हातपाय नाहीत, तरी पोट श्वासाने किंचित सुटलेलं दिसतं. त्यात स्नायू दाखवलेले नाहीत. कातडी आतल्या दाबाने ताणली आहे, एवढंच. मथुरा-सारनाथच्या बुद्धाची छातीही तशीच, हवेने भरलेली. श्वास जाणवतो तो पृष्ठभाग आतून बाहेर ढकलला गेल्यामुळे. बाहेरून माती थापून फुगवटा दिला की तो सुजेसारखा दिसतो.

हे कसब कुंभाराकडे तयारच आहे. बाहेरून चोपणं, आतून दगडी गोळा. चाकावरून उतरवलेलं जाड भांडं तो असाच ठोकून मोठं आणि पातळ करतो. तुम्हीही पोकळ, तोंड उघडं असलेला जाड आकार वळ्या रचून करा. भिंत दोन सेंमी ठेवा. माती चामड्याइतकी आवळली की आतून गोळा धरून ढकला आणि बाहेरून हलकेच चोपा. भिंत १२ मिमीपर्यंत आली की थांबा. जिथे ढकललं तिथेच फुगवटा येतो आणि बाकीचं अंग त्याच्याकडे ओढलं जातं. मऊ मातीत हे करायला गेलात तर भिंत खाली बसते. फार वाळल्यावर केलंत तर बारीक भेगा पडतात. दोन्हींच्या मधला वेळ उन्हाळ्यात अर्ध्या दिवसाचाही नसतो, म्हणून ओलं फडकं हाताशी ठेवा.

तोंड पूर्ण बंद करणार असाल तर पेन्सिलीएवढं एक भोक ठेवायला विसरू नका. भट्टीत आतली ओल आणि हवा बाहेर पडली नाही तर तुकडे होतात. वाळवण सावलीत, किमान तीन आठवडे. पावसाळ्यात त्याहून जास्त. भट्टीचे पहिले दोन तास शंभर अंशांच्या आत. त्या भोकालाही जागा शोधा. बेंबीच्या जागी असेल तर श्वास खालून घेतल्यासारखा वाटतो, आणि योगात तो तसाच घ्यायला सांगतात.

प्रश्न : सांगलीत नदीकाठच्या बागेसाठी फायबरचं सात फुटी पोकळ शिल्प करतोय, ज्योतीसारखं. रेझिन वरून चिकट राहतं. आणि पुराचं काय करावं?

आधी पूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पोकळ फायबर पाण्यात उचललं जातं. आतली पोकळी पाव घनमीटर असली तरी २५० किलोचा उचल बसतो आणि तुमचं शिल्प ४०-५० किलोचं. ते बोल्टसकट उपटून हरिपूरकडे निघेल. म्हणून तळाशी तळहाताएवढी दोन झरोके-भोकं आणि टोकाजवळ हवा सुटायला एक ठेवा. पाणी आत शिरू द्या आणि उतरू द्या. पाया काळ्या मातीवर कधीच नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि चौथरा तिरका होतो. मुरूम लागेपर्यंत खणा.

चिकटपणाचं कारण बहुधा हवा. साधं पॉलिस्टर रेझिन हवेला उघडं असलं की वरचा थर पूर्ण पिकत नाही, दमट दिवसांत जास्तच. शेवटच्या हातात मेण घातलेलं टॉप कोट रेझिन वापरा किंवा वर पातळ प्लास्टिक ताणून बसवा. प्रमाण किलोभर रेझिनला १० मिलि कोबाल्ट (पिकण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि १५ ते २० मिलि हार्डनर. एप्रिल-मेमध्ये हार्डनर १० वर आणा. काचेच्या तंतूंची चटई चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, तीन थर, आणि चटईच्या वजनाच्या अडीच पट रेझिन. त्याहून जास्त ओतलं तर ते ठिसूळ होतं, ताकद काचेत असते. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका. भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण घोटून घ्या, मगच दुसरं.

प्रश्न : चौथऱ्यावर लं, वं, रं अशी चक्रांच्या मंत्रांची बीजाक्षरं कोरली. आता गावात कुरबूर आहे. (तासगाव)

चौथरा किती उंच, ते लिहिलेलं नाही. पण गुडघ्याखाली असेल तर लोक त्यावर बसणार, पाय टेकणार, चपला काढून ठेवणार. कुरबूर त्याचीच असणार आणि ती रास्त आहे. अक्षरं कोरलेली फरशी काढून शिल्पाच्या आतल्या बाजूला, छातीच्या वर बसवा. नवीन काम असेल तर अक्षरं घेऊच नका. लं न लिहिताही चौकोन पृथ्वीच सांगतो.

प्रश्न : असं काम जवळपास कुठे बघायला मिळेल? मुंबई-दिल्ली परवडत नाही. (कोरेगाव)

तुमच्या जिल्ह्यात औंध आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि बालक' आहे. हे तेच भवानराव, ज्यांनी सूर्यनमस्कार घरोघरी पोचवले. त्याच सुमारास इंदूरचे यशवंतराव होळकर शिल्पकार ब्रांकुशीकडून ध्यानमंदिर बांधून घेणार होते. त्यासाठी त्यांनी त्याचे तीन 'अवकाशातले पक्षी' घेतले, एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. मंदिर झालंच नाही. संगमरवरी दोन्ही पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत.

औंधच्या मूरभोवती पूर्ण फेरी मारता येते का बघा. नाही आली तर निदान दोन्ही बाजूंनी बघा. आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं ती रेघ हाताने वहीत काढा, फोटोत ती सापडत नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. वरून बघा, अष्टकोन आणि त्याला जोडलेली लांबट विहीर मिळून शिवलिंगाची आकृती होते. मग पायऱ्यांनी आत उतरा, तीच आकृती तुमच्याभोवती पोकळी होऊन उभी राहते. आणि देगावजवळचं पाटेश्वर. तिथे लिंगांचे इतके प्रकार आहेत, एकावर असंख्य लहान लिंगं कोरलेली, की एकाच आकाराचं किती काही करता येतं ते कळतं. गुंफांत अंधार असतो. टॉर्च न्या, पण समोरून मारू नका, दगडाला चिकटवून आडवा धरा. घावाघावाची खोली दिसते.